करडी आपल्या जागी आहे

सिंगापूर पडले, असे वैजनाथ गुरुजी कधीच म्हणाले नाहीत. "आपल्या फौजेने सिंगापूर सोडले," असे ते म्हणाले. धाड गावच्या आठवडी बाजारात, मिरचीच्या ढिगांजवळ थांबलेल्या सरकारी मोटारीच्या पायरीवर उभे राहून, पत्र्याचा भोंगा तोंडाशी धरून त्यांनी हे वाक्य दोनदा उच्चारले. लोकांनी माना हलवल्या आणि ते पुन्हा मिरचीच्या भावाकडे वळले. पडणे माणसाच्या हातचे नसते, सोडणे असते. ज्याने सोडले तो उद्या परत धरू शकतो. या एका शब्दासाठी गुरुजींनी सबंध सकाळ घालवली होती.

१९४२ चा उन्हाळा चालू होता. गुरुजी मूळचे मेहकरच्या शाळेत मराठी शिकवणारे. लढाई सुरू झाल्यावर बुलढाण्याच्या युद्धप्रचार कचेरीने त्यांना मागून घेतले. नागपुराहून इंग्रजी बातमीपत्र येई. त्याचे मराठी करायचे आणि गावोगावच्या बाजारात वाचायचे, एवढेच काम. खोटे बोलायचे नाही हा त्यांचा पहिला नियम होता आणि तो त्यांनी कसोशीने पाळला होता. फौज मागे आली असेल तर ती 'ठरल्याप्रमाणे' मागे आली. शत्रूच्या हाती सापडलेले शिपाई 'सध्या संपर्कात नाहीत'. मेलेल्यांचा आकडा द्यायचा नाही, आणि आकडा न देणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. इतर तालुक्यांत प्रचारकांवर शेण फेकले गेले. गुरुजींना लोक चहा पाजत.

त्यांचा धाकटा भाऊ चिंतामण फौजेच्या कोठारात कारकून होता. सिंगापूरला. जानेवारीत त्याचे शेवटचे पत्र आले, त्यात तिथल्या फणसाची तक्रार होती. नंतर काही नाही.

मेहकरच्या घरी चिंतामणची बायको शरयू होती, आणि एक म्हातारी आत्या, जिला ऐकू येत नसे. गुरुजी विधुर. दौऱ्यावरून ते घरी आले की शरयू पाण्याचा तांब्या पुढे ठेवी आणि विचारी, "भाऊजी, काय कळलं?" गुरुजी सांगत, "तिकडचे लोक सध्या संपर्कात नाहीत." हे वाक्य त्यांनीच बनवलेले होते. शरयू ते ऐकून घेई आणि आत जाई.

अक्षय्यतृतीयेच्या आधी साहेबांनी त्यांना कचेरीत बोलावले. काम वेगळे होते. रोहिणखेडच्या पुढे, डोंगराच्या अलीकडे सावरटेक नावाचे गाव आहे. तिथे अखजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या संध्याकाळी एका शेतात मांडणी मांडतात. मातीच्या ढेकळांवर घागर, घागरीवर पापड-कुरडई, खाली राजाचे म्हणून विड्याचे पान आणि सुपारी, आणि भोवती गोल रिंगणात निरनिराळ्या धान्यांच्या लहान लहान ढिगल्या. रात्रभर शेतात कोणी फिरकत नाही. पहाटे मांडणी पाहणारा माणूस जातो, कुठला दाणा हलला, कुठला जागेवर राहिला ते पाहतो आणि वर्षाचे भाकीत बोलतो. कपाशी हलली तर कपाशीचे काय, भादली, म्हणजे एक भरड धान्य, हलली तर रोगराई. मसूर म्हणजे परका शत्रू. करडी म्हणजे फौज. पान हलले तर राजा.

"गेल्या साली पान हललं होतं म्हणे," साहेब म्हणाले. "ती गोष्ट खानदेशापर्यंत गेली. लोक पोस्टातले पैसे काढतायत. मांडणी बंद केली तर त्याहून वाईट बोलतील. तुम्ही जा. योग्य ते शब्द त्या माणसाच्या तोंडून यायला हवेत."

"योग्य म्हणजे, खरे पण नीट मांडलेले," गुरुजी म्हणाले.

"ते तुमचं तुम्ही पाहा."

घरी त्यांनी हे शरयूला हसत हसत सांगितले. ती हसली नाही.

"फौजेचा दाणा असतो म्हणालात ना त्यात?"

"करडी. पण अगं, मुंग्या दाणे नेतात, वारा पान उडवतो. त्यात काय आहे?"

"काही नसेल. तुमच्या बातमीपत्रात तरी काय असतं?" ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली. "तुम्ही तो दाणा पाहा आणि मला सांगा. बाजारात सांगता तसं नको. आहेत, की नाहीत. दोन्हीतलं कुठलंही चालेल, भाऊजी. मधलं मला आता झेपत नाही."

गुरुजींनी तिला शब्द दिला.

सावरटेकच्या अलीकडे चढावर मोटार बंद पडली. ड्रायव्हर अर्जुनराव खाली उतरला, टाकीत काठी घालून पाहिली आणि काठी गुरुजींना दाखवली. ती कोरडी होती.

"गुरुजी, मांगच्या बाजारात तुमीच सांगतलं ना, पेट्रोलचा साठा समाधानकारक हाय म्हून?"

"हो."

"मंग आता त्या समाधानानं ढकला."

दोघांनी ढकलत मोटार गावात नेली. लोक तोवर जमू लागले होते. बैलगाड्या सोडलेल्या होत्या, झाडाखाली चुली पेटल्या होत्या. अनेकांनी गुरुजींना ओळखले. "भोंग्यावाले गुरुजी आले," असे कोणी म्हणाले आणि पोरे मोटारीभोवती गोळा झाली.

मांडणी पाहणारे भगवानराव साठीच्या पुढचे, उंच, वाकलेले शेतकरी होते. त्यांनी गुरुजींना ओसरीवर घोंगडी टाकून बसवले. गुरुजींनी आडपडदा न ठेवता काम सांगितले. भगवानराव रागावतील असे त्यांना वाटले होते. ते रागावले नाहीत.

"शब्द तुमचे असू द्या," भगवानराव म्हणाले. "माह्यापाशी शब्द हायेत कुठं? मी म्हंतो हललं, नाही हललं. तुमाले बोलता येते. पर एक रीत हाय. ज्याचे शब्द, त्यानंच आत जायाचं. मी पाहावं आन् तुमी बोलावं, असं चालत नाही."

"म्हणजे उद्या मी पाहायचं?"

"तुमी पाहायचं, तुमीच बोलायचं. लोक मांडणीकडे पाठ करून उभे राह्यतात. मीबी पाठ करीन. तुमी बोलले का लोक तेच तीनदा म्हंतात. मंग फिरून आत येतात आन् पायानं सारं मोडतात. मांडणी राहू द्यायची नाही."

गुरुजींना हे सोयीचे वाटले. साहेबांना हवे होते त्याहून चांगले. आणि करडी त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येणार होती.

"आनखी एक," भगवानराव म्हणाले. "शब्द कसेबी फिरवा. कमी सांगा, जास्त सांगा, ते खपते. पर जे नाही ते हाय म्हून बोलू नोका."

"मी खोटं बोलत नाही."

"बरं हाय."

"आणि कोणी बोललं तर? काय होतं?"

भगवानरावांनी ओसरीच्या आतल्या कोपऱ्याकडे पाहिले आणि थोडे सरकून बसले, जसे कोणाला वाट द्यावी. "काय व्हते," ते म्हणाले. "मंग तेच दिसते."

संध्याकाळी गुरुजींनी मांडणी मांडताना पाहिली. करडीचे पांढरे दाणे भगवानरावांनी मूठभर घेऊन पूर्वेच्या बाजूला ठेवले, मसूर तिच्या समोर पश्चिमेला. घागर भरली, पान ठेवले. मग सगळे निघून आले. शेतात कोणी मागे राहिले नाही.

जेवायला घरात तीन ताटे वाढली होती. एक गुरुजींचे, एक भगवानरावांचे, आणि एक भगवानरावांच्या शेजारी, जिथे कोणी बसले नव्हते. आमरस, कुरडई, चिंचवणी, सगळे त्यातही वाढलेले. भगवानराव जेवताना मधूनच त्या बाजूला वळून हळू आवाजात काही बोलत. एकदा म्हणाले, "मीठ कमी हाय म्हंते." वाढणारी त्यांची सून शालूबाई मुकाट्याने त्या ताटात मीठ वाढून गेली.

जेवण झाल्यावर भगवानराव शेजारी गेले. गुरुजी हात धुवायला परसात आले तेव्हा शालूबाई ते तिसरे ताट गाईपुढे ठेवत होती.

"हे कोणाचं?" गुरुजींनी विचारले.

"सासूबाईंचं."

"त्या बाहेर गेल्यात?"

"त्या पटकीत गेल्या, गुरुजी. मी लगन होऊन आली त्याच साली." शालूबाई गाईच्या पाठीवर हात फिरवत राहिली. "त्या सालच्या मांडणीत भादली पार उधळून गेल्ती म्हंतात. मामाजीनं पाह्यलं आन् बाहेर येऊन सांगतलं, भादली जागेवर हाय, रोगराई नाही. घरात सासूबाईले आदल्या दिवसापासून उलट्या सुरू होत्या ना. तोंडातून निघालंच नाही त्यांच्या. मंग काय. गावात पंधरा-वीस माणसं गेली. मामाजीले एकबी गेलेलं दिसत नाही. बाजारात कोणाशी कोणाशी बोलतात. आज साऱ्या गावानं आपल्या मेलेल्यांच्या नावानं घागरी भरल्या, आमच्या घरी सासूबाईची घागर नाही भरू देत. म्हंतात, जित्या माणसाची घागर काऊन भरता?"

"डॉक्टरला दाखवलं का?"

"दाखोलं ना. डॉक्टर म्हने, बाकी सारं बराबर हाय." ती किंचित हसली. "आन् खरंच बराबर हाय. आमच्यापरीस सुखी हायेत ते."

गुरुजींनी ओसरीवर अंथरुणावर पडून आपली वाक्ये तयार केली. पान हलले तर: राजाने कूस बदलली, गादी सोडली नाही. मसूर पसरला तर: शत्रू पसरला, म्हणजे विरळ झाला. करडी हलली तर: फौज पुढच्या कामासाठी नव्या जागी निघाली आहे. मांडणीत काहीही निघाले तरी यातले एकही वाक्य खोटे ठरणार नव्हते. ते समाधानाने झोपले.

पहाट झाली. तांबडे फुटायच्या सुमाराला सगळे लोक शेताभोवती उभे होते, आणि सगळ्यांच्या पाठी मांडणीकडे होत्या. हजारभर माणसे असतील. कोणी खोकत नव्हते. कडेवरची मुलेसुद्धा बाहेर तोंड करून होती. गुरुजी त्या पाठींमधून वाट काढत आत गेले. भगवानरावांनी त्यांना बांधापर्यंत सोडले आणि तेही वळून उभे राहिले.

गुरुजी रिंगणापाशी थांबले. घागर जागेवर होती. पान उलटे पडले होते आणि सुपारी त्याच्यापासून हातभर लांब गेली होती. मसूर पश्चिमेला नव्हता. तो पूर्वेला होता, करडीच्या जागेवर, नीट ढिगली करून ठेवल्यासारखा.

करडी तिथून निघून गेली होती. दाणे विखुरलेले नव्हते. एकामागे एक, सारख्या अंतरावर, त्यांची रांग रिंगणाबाहेर पडली होती आणि पूर्वेकडे मातीवरून गेली होती. मुंग्या, असे गुरुजींच्या मनात आले. त्यांनी वाकून पाहिले. मुंगी एकही नव्हती. शिवाय मुंग्या दाणा नेतात, असा वाटेत मांडून जात नाहीत. ते रांगेच्या कडेने चालू लागले. माती मऊ होती आणि तिच्यावर त्यांच्याखेरीज कोणाचे पाऊल नव्हते. बरेच पुढे गेल्यावर रांग संपली. शेवटच्या ठिकाणी दाणा नव्हता. त्याचे नुसते टरफल होते, मधोमध उकललेले, आत काही नसलेले. त्यापलीकडे शेत कोरे होते.

गुरुजी तिथे उभे राहिले. त्यांना शरयूला दिलेला शब्द आठवला. आहेत, की नाहीत.

"बोला गुरुजी," बांधावरून भगवानराव म्हणाले. ते वळले नाहीत.

गुरुजी परत रिंगणाशी आले. भोंगा त्यांनी आणला नव्हता, पण त्याची गरज नव्हती, इतकी शांतता होती.

"राजाने कूस बदलली आहे. गादी सोडलेली नाही."

हजार माणसे पाठमोरी म्हणाली, राजाने कूस बदलली आहे, गादी सोडलेली नाही. तीनदा. आवाज चारी बाजूंनी आला, पण तोंडे बाहेर असल्यामुळे तो दुरून, डोंगरापलीकडून यावा तसा वाटला.

मसुराचे वाक्यही ठरल्याप्रमाणे झाले. मग करडीची पाळी आली. वाक्य तयार होते. फौज नव्या जागी निघाली आहे. ते खरेही होते. गुरुजींनी तोंड उघडले आणि त्यांना ते टरफल दिसले. निघाली आहे, असे म्हटले तर कुठवर निघाली हे त्यांना माहीत होते. चिंतामणबद्दल हे वाक्य त्यांना उच्चारता येईना. बाजारात त्यांनी हजारो माणसांबद्दल असलीच वाक्ये उच्चारली होती.

"करडी आपल्या जागी आहे," ते म्हणाले. "सगळे सुखरूप आहेत."

करडी आपल्या जागी आहे, सगळे सुखरूप आहेत, लोक म्हणाले. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा गुरुजींना रांग दिसत होती. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा त्यांनी डोळे मिटले. तिसऱ्यांदा आवाज थांबला आणि त्यांनी पाहिले तर पांढरे दाणे पूर्वेच्या बाजूला होते, मूठभर, काल ठेवले होते तसे. लोक वळले, आत शिरले, आणि थोड्याच वेळात तिथे तुडवलेली माती आणि फुटलेल्या घागरीची खापरे उरली.

भगवानराव त्यांच्याजवळ आले. "झालं?"

"झालं. करडी जागेवर होती."

भगवानराव बराच वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. "घरी कोन हाय तुमच्या?" त्यांनी विचारले. उत्तराची वाट न पाहता ते गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जा. वाट पाहून राह्यले असतीन."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गुरुजी मेहकरला पोचले. साहेबांनी वाटेत बुलढाण्याला त्यांची पाठ थोपटली होती. वाक्य बाजारांत त्यांच्या आधी पोचले होते. शरयूने तांब्या ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. ती एकदम विचारणार नाही, हे गुरुजींना माहीत होते. त्यांनी मोटार ढकलल्याचे सांगितले. भगवानरावांचे सांगितले. तिसऱ्या ताटाचे आणि शालूबाईचे बोलणे त्यांनी जसेच्या तसे सांगितले. गोष्ट सांगण्यासारखी होती आणि गुरुजींना गोष्ट सांगता येत असे.

"म्हणजे त्यांना ती माणसं दिसतात?" शरयूने विचारले.

"दिसतात. बोलतात त्यांच्याशी. विचित्रच." गुरुजी पाणी प्याले.

"आणि करडी?"

"जागेवर होती."

"भाऊजी, बाजारातलं नको."

"बाजारातलं नाही सांगत. मी स्वतः पाहिली. मूठभर दाणे, जसे ठेवले तसे." ते मनापासून बोलत होते. त्यांच्या डोळ्यांसमोर दाणे होते आणि दुसरे काही नव्हते. "चिंतामण सुखरूप आहे, शरयू."

तिने पदराने तोंड पुसले आणि ती आत गेली. थोड्या वेळाने आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला, आणि मग, कितीतरी महिन्यांनी, तिच्या गुणगुणण्याचा. आत्याला ऐकू येत नव्हते, तरी तिने मान वर करून स्वयंपाकघराकडे पाहिले.

"भाऊजी, ताट वाढलंय," शरयूने हाक मारली.

गुरुजी आत आले. एक पाट मांडला होता, त्यापुढे एक ताट. शरयू भाताचे पातेले घेऊन उभी होती. तिचा चेहरा उजळलेला होता. गुरुजी पाटाकडे गेले, थांबले आणि दारातून कोणी येत असावे तसे एका बाजूला सरकले.

"चिंतामणचा पाट नाही मांडलास?" ते म्हणाले.

शरयूने पातेले खाली ठेवले.

"कुठे आहेत ते?" तिने विचारले.

"हा काय." गुरुजींनी खिडकीखालच्या जागेकडे हात केला. त्या जागेवर तुळईच्या सावलीखेरीज काही नव्हते. "हात धुऊन आलाय. पुसायला काहीतरी दे त्याला, धोतराला पुसतोय."

"कधीपासून आहेत?"

"म्हणजे काय? घरातच आहे." गुरुजींना प्रश्न कळला नाही. "असं काय करतेस?"

शरयू त्या जागेकडे पाहत राहिली. मग तिने आणखी एक पाट आणला, खिडकीखाली मांडला आणि त्यापुढे ताट ठेवले. वाढून झाल्यावर ती मागच्या दाराने परसात गेली.

गुरुजी जेवायला बसले. बाहेरून विहिरीच्या रहाटाचा आवाज आला, मग डोक्यावरून पाणी ओतल्याचा. पुन्हा रहाट, पुन्हा पाणी. सकाळी तिची अंघोळ झालेली असणार. या वेळी लुगड्यासकट डोक्यावरून पाणी घेण्याचे कारण गुरुजींना सुचेना. चिंतामणनेही घास हातात धरून मान तिकडे वळवली होती.

शरयू निथळत दारात आली. कपाळ कोरे होते.

"जेवण झालं की तुम्हालाही अंघोळ करावी लागेल, भाऊजी," ती म्हणाली.

"कशाबद्दल?" गुरुजींनी विचारले.